एका खाचेचा हिशेब

संपादकांना एसएलआरवर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलवर, लेख हवा होता. सैन्यातून निघून ती पोलिसांच्या खांद्यावर आली, आता तिथूनही हळूहळू निघेल. त्याआधी ती इतकी भरवशाची का मानली गेली ते लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं.

इतिहास थोडक्यात असा. १९६२ साली चीनशी लढताना आपल्या पायदळाच्या हातात मुख्यतः .३०३ रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा. समोरच्या अनेक शिपायांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. त्या युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातून १ए१ ही भारतीय एसएलआर बाहेर पडू लागली. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीतल्या दियुदोने सेव्ह यांच्या 'फाल' रायफलीचा. परवान्यावरून एफएनशी वाद झाला आणि पुढे मिटला. ७.६२ मिलिमीटरची गोळी, २० गोळ्यांचं मॅगझीन, चाप एकदा ओढला की एकच गोळी. १९७१च्या युद्धात पायदळाचं मुख्य हत्यार हेच होतं. नव्वदच्या दशकात इन्सास रायफल आली आणि एसएलआर मागे सरली.

मला खरं समजलं ते साताऱ्याजवळच्या एका गावात, सैन्यात हत्यारं दुरुस्त करणारे आर्मोरर म्हणून आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त सुभेदारांकडून. घरात रायफल कुठली असणार! त्यांनी डाव्या हाताची मूठ नळीसारखी धरली आणि उजव्या हाताच्या चिमटीने तिच्यावर एक अदृश्य कडं फिरवून दाखवलं. "गॅस रेग्युलेटर. समदी एसएलआर ह्या कड्यात हाय."

गोळी नळीतून जात असताना तिच्यामागच्या वायूचा थोडा भाग एका बारीक छिद्रातून वर येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या ब्रीच ब्लॉकला मागे रेटतो, रिकामी पुंगळी उडते, स्प्रिंग ब्लॉकला पुन्हा पुढे आणते आणि येताना तो नवं काडतूस नळीत भरतो. कड्याचं काम या वायूतला किती बाहेर सोडून द्यायचा ते ठरवणं. कडं पूर्ण उघडं असलं की बहुतेक वायू निसटतो आणि दट्ट्याला जेमतेम धक्का बसतो. एकेक खाच आवळत गेलं की धक्का वाढतो. जवानाने सुरुवात उघड्या कड्यापासून करायची, एकेक गोळी झाडत आवळत यायचं, आणि जिथे रायफल नीट चालू लागेल तिथून आणखी दोन खाचा आवळायच्या. धूळ, काजळी, थंडी यांच्यासाठी ही शिल्लक.

"मग सरळ पुरती आवळूनच का नाही ठेवायची?" मी विचारलं.

"ठेवत्यात की पोरं! कधीच अडकत न्हाय मग. पर आतनं मार खाती. कमी दिली की अडकती, जास्ती दिली की झिजती."

हे ऐकेपर्यंत माझ्या मनात भरवसा आणि टिकाऊपणा एकाच गाठोड्यात बांधलेले होते. प्रत्यक्षात ते एकमेकांना ओढतात. जास्तीचा वायू घाणीतूनही ब्लॉक मागे नेतो, म्हणून रायफल आज भरवशाची वाटते. तोच वायू प्रत्येक गोळीला ब्लॉक बॉडीच्या मागच्या टोकावर आपटतो आणि पुंगळी उपसणाऱ्या आकड्यावर ताण टाकतो. कलाश्निकोव्हने आपल्या रायफलीला असं कडं दिलंच नाही. भरपूर वायू, जड फिरते भाग, ऐसपैस फटी, असा त्याचा कौल. सेव्ह यांनी निवड वापरणाऱ्याच्या हाती सोपवली. मला ही दुसरी रीत अधिक सुंदर वाटते, पण ती शहाणा हात मागते. पुढचा गॅस प्लग ग्रेनेड फेकायच्या खुणेवर राहिला तर वायू पूर्ण बंद, आणि अर्धस्वयंचलित रायफल हाताने चालवायची होऊन बसते.

रायफल पारखायच्या चाचण्या ठरलेल्या असतात: हजारो गोळ्या सलग, वाळू, चिखल, पाणी, थंडी, आणि किती गोळ्यांमागे एकदा अडकली याची नोंद. त्यातून शिकायला मिळतं. वाळू खाऊन ब्लॉक अडतो म्हणून ब्रिटिशांनी फालच्या आपल्या आवृत्तीच्या, एल१ए१च्या, ब्लॉकवाहकावर तिरक्या चरी कोरल्या, वाळूला जायला जागा मिळावी म्हणून. तरी इस्रायली सैन्याला वाळवंटात फालचा त्रास झालाच आणि १९६७च्या युद्धानंतर त्यांनी गलील रायफलीकडे मोर्चा वळवला. चाचणी फसवूही शकते. अमेरिकेत एम१६ तपासली गेली एका दारूवर आणि व्हिएतनाममध्ये गेली दुसऱ्या दारूच्या काडतुसांसह. साफसफाईची साधनंही पुरेशी दिली नव्हती, आणि तिथे ती अडकू लागली. नवी, तेल दिलेली, जाणकारांच्या हातातली रायफल चाचणीत उतरते हे खरं. माझी काळजी जुन्या रायफलीची आहे.

सुभेदारांच्या कामाचा मोठा भाग जुन्याच रायफली. एसएलआरचा ब्लॉक बंद होताना त्याचं शेपूट खाली झुकतं आणि बॉडीत आडव्या बसवलेल्या पोलादी तुकड्याला टेकतं. सगळा दाब तो तुकडा झेलतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तिथे केसभर अंतर पडतं. डोळ्यांना ते दिसत नाही, 'गो' आणि 'नो-गो' गेजलाच कळतं. मग जुना तुकडा दाबून काढायचा आणि किंचित जाड बसवायचा. रायफल पुन्हा उभी राहते. पण तेवढ्याने तिची खात्री देता येत नाही. स्प्रिंग थकलेली असते, मॅगझीनचे ओठ वाकलेले असतात, आणि अडकण्याचं खापर मात्र रायफलीवर फुटतं.

यावर त्यांचा स्वतःचा उपाय होता. कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, प्रत्येक रायफलीच्या नंबरासमोर ती कितव्या खाचेला चालू लागते ते ते वहीत लिहीत. दर वर्षी तीच रायफल खाच-खाच आवळून मागू लागली की आधी ती साफ करायची. तरी मागतच राहिली की दट्ट्या आणि स्प्रिंग तपासायची. कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा मला ही वही जास्त पटली, कारण तिच्यात एकाच हत्याराचं वय नोंदलेलं होतं.

एसएलआर सैन्यातून पोलिसांकडे गेल्या तेव्हा अशा वह्या बरोबर गेल्या का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "रायफल जाती, वही ऱ्हाती." मग नव्या ठिकाणच्या आर्मोररने काय करायचं? प्रत्येक रायफल रेंजवर नेऊन उघड्या कड्यापासून पुन्हा मोजत यायचं. त्याला गोळ्या लागतात, आणि पोलिसांच्या सरावाच्या गोळ्या मोजक्याच असतात. त्या शिपायाच्या नेमबाजीवर खर्च करायच्या की कड्यावर, हे दर वर्षी कुणाला तरी ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा कडं मागच्या माणसाने सोडलं तिथेच राहतं.