गाडी तुमच्या नावावर, चालवणार लेकरू : विम्याचं काय?



गटाच्या कर्जमागणीत शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्या जोडीला आता गाडी आली आहे. कुणाला लेकीच्या कॉलेजसाठी स्कूटी हवी असते, कुणाला घरच्यासाठी जुनी चारचाकी. कर्ज आईच्या नावावर, म्हणून गाडीही बऱ्याचदा आईच्याच नावावर होते. चालवणार मात्र सतरा-अठरा वर्षांचं लेकरू, तेही अजून शिकणारं. मग बैठकीत प्रश्न येतो, "मॅडम, पोरगं शिकाऊ आहे म्हणून इन्शुरन्स महाग लावतील का?"

सरळ उत्तर : नाही. इंग्लंड-अमेरिकेत गाडी कोण चालवणार, त्याचं वय काय, हे बघून विमा ठरतो आणि नवशिक्या पोरांचा विमा आईबापांचा खिसा रिकामा करतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत तेच सांगितलेलं असतं आणि आपल्याला वाटतं इथेही तसंच असेल. आपल्याकडे कायद्याने सक्तीचा जो विमा आहे, म्हणजे थर्ड पार्टी, त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो गाडीच्या इंजिनावर असतो. चालवणारा सतरा वर्षांचा की सत्तरचा, याने त्यात रुपयाचा फरक पडत नाही. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या घरगुती कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, आणि आपली नेहमीची ११०-१२५ सीसीची स्कूटी असेल तर ७१४ रुपये. वर जीएसटी वेगळा. नवीन गाडी घेताना हाच विमा कारला एकदम ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून शोरूमच्या कोटेशनमध्ये आकडा मोठा दिसतो. तो दंड नव्हे, पुढच्या वर्षांचे पैसे आधीच घेतलेले असतात.

म्हणजे स्वस्तात सुटलो? इथेच थांबू नका. विमा घेताना वय कुणी विचारत नाही, पण अपघात झाल्यावर पहिला प्रश्न तोच असतो : चालवत कोण होतं आणि लायसन्स होतं का?

पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात 'चालक' नावाचं कलम असतं. त्याचा अर्थ असा, की गाडी कुणीही चालवू शकतं, पण त्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स पाहिजे. शिकाऊ, म्हणजे लर्निंग लायसन्सवालाही चालतो, फक्त त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम ३ पाळलेला असावा. नियम तीनच गोष्टी मागतो. लर्निंग लायसन्स मुदतीत असावं (ते ६ महिने चालतं). गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरात 'एल' असावा. आणि सोबत पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती असावी, तीही वेळ आली तर गाडी थांबवू शकेल अशी बसलेली. स्कूटीवर शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही. लर्निंग काढलं आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला मागे घेऊन पोरगी कॉलेजला निघाली, तर लायसन्स खिशात असूनही नियम मोडला. हे आपल्याकडे सर्रास चालतं, मला माहीत आहे. पण कंपनीचा माणूस तपासाला येतो तेव्हा तो 'सर्रास' शब्द ऐकून घेत नाही.

आता समजा लायसन्सच नाही आणि रस्त्यावर कुणाला गाडी लागली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वरण सिंह खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक आपल्या सोयीची : शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच आहे, तेवढ्या कारणावरून कंपनी हात झटकू शकत नाही. दुसरी नीट समजून घ्या. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे बिनलायसन्स माणसाच्या हातात गाडी दिली असेल, तर न्यायालय कंपनीला सांगू शकतं की जखमीला भरपाई आधी तुम्ही द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. जखमी माणसाला पैसे मिळतात, ते योग्यच आहे. पण वसुली कुणाकडून? आरसी बुकावर जिचं नाव आहे तिच्याकडून. शिवाय आपल्या गाडीचं नुकसान कुणी भरून देत नाही ते वेगळंच. घरात निर्णय कुणीही घेतलेला असो, चावी कुणीही दिलेली असो, नोटीस ताईच्या नावाने येते. गाडी बाईच्या नावावर असावी असं आपण नेहमी म्हणतो आणि मीही म्हणते. पण मग चावी कुणाला द्यायची हेही त्याच बाईने ठरवायला हवं.

लेकरू १८ च्या आतलं असेल तर कायदा आणखी कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो : २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या प्रकारची गाडी चालवत होता तिचं लर्निंग किंवा पक्कं लायसन्स त्याच्याकडे असेल तरच यातून सूट आहे. इथे एक मोठा गैरसमज आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. आपण घेतो ती स्कूटी त्यात बसत नाही. कारला तर अठराच पूर्ण पाहिजेत. शेतातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरलाही वयाची आणि लायसन्सची अट आहे.

आणखी एक कागद तपासा. पॉलिसीत 'मालक-चालक' यांच्यासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. पुष्कळ जणींना वाटतं की लेक पडली तर हे तिला मिळेल. ते फक्त मालकाला मिळतं, आणि त्या मालकाकडे स्वतःचं लायसन्स असेल तरच. गाडी आईच्या नावावर, आईकडे लायसन्स नाही, चालवते लेक, असं असेल तर ते दोघींच्याही उपयोगाचं नाही. लेक १८ पूर्ण असेल, तिने लायसन्स काढलं असेल आणि ती रोज चालवणार असेल, तर गाडी तिच्याच नावावर घेण्याचा विचार करा. नाहीतर निदान बँकेतून २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तिच्या नावाने सुरू करा. वर्षाला २ लाखांचं अपघात संरक्षण आहे, वय १८ ते ७० पाहिजे.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, तो ऐच्छिक आहे. शिकणाऱ्याच्या हातून डेंट पडणारच. पण प्रत्येक डेंटचा क्लेम करू नका. वर्षभर क्लेम नसेल तर पुढच्या वर्षी या भागाच्या हप्त्यात सूट मिळते : २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. हिशेब करून बघा. या भागाचा मूळ हप्ता ४,००० रुपये धरा आणि यंदा क्लेम न केल्यास तुम्हाला ४५ टक्के सूट मिळणार असेल, तर वाचतील १,८०० रुपये. लहान कारचं बंपर दुरुस्तीचं बिल आलं २,५००. त्यातले पहिले १,००० आपणच भरायचे आणि प्लास्टिकच्या भागाचे कंपनी निम्मेच धरते. हातात हजारही येणार नाहीत आणि सूट जाईल १,८०० ची. असं बिल घरातूनच भरा.

राहिलं लायसन्स. लर्निंगची सरकारी फी एका प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. आधार मोबाइलला जोडलेलं असेल तर सारथी पोर्टलवर घरबसल्या परीक्षा देता येते. ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. एजंट "वय कमी असलं तरी बघू" म्हणाला तर त्याच्याकडून उठून या. जुनी गाडी घेत असाल तर आरसीबरोबर विमाही आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्या. तोपर्यंत थर्ड पार्टी चालू राहते, पण फुल इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो.

ज्या गटांत गाडीसाठी कर्जमागणी आली आहे, त्यांनी ठराव लिहिताना कोटेशनसोबत तीन गोष्टी वहीत नोंदवा : आरसी कुणाच्या नावावर होणार, चालवणाऱ्याची जन्मतारीख, आणि लायसन्स कोणतं व कधीपर्यंतचं. पॉलिसी वाचायला अडचण आली तर पुढच्या ग्रामसंघ बैठकीला ती सोबत आणा, 'चालक' कलम आपण मिळून वाचू.