शेळ्यांचं ऋण

जे. बी. एस. हाल्डेन आपल्याला माहीत असतात ते आनुवंशिकीतलं मोठं नाव म्हणून. १९५७ साली इंग्लंड सोडून ते भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. माझं कुतूहल मात्र त्यांच्या पाठदुखीपासून सुरू झालं. १९३९ साली ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ माणसं गेली. अशा पाणबुडीतून सुटू पाहणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हे शोधायला हाल्डेन स्वतः दाबाच्या टाकीत बसू लागले. दाबाखाली ऑक्सिजन घेताना आलेल्या झटक्यांत त्यांचे मणके दुखावले. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या हेलन स्पर्वे यांनीही स्वतःवर असे प्रयोग करून घेतले.

या टाकीचा माग काढत मागं गेलं की त्यांचे वडील भेटतात, जॉन स्कॉट हाल्डेन. वर्षानुवर्षं मी या बापलेकांविषयी मिळेल ते वाचत आले. पाण्यातून वर येण्याची वडिलांनी घालून दिलेली शिस्त आजही जिथं रोज पाळली जाते, तिथं जाऊन ती अंगानं शिकावी, म्हणून मी अंदमान गाठलं.

हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. तिथल्या नेमो रीफवर किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरता येतं, म्हणून नवशिक्यांचे पहिले धडे बहुधा तिथंच होतात. १९२५ पासून ब्रह्मदेशातून अंदमानात येऊन वसलेल्या करेन समाजातले तरुण इथल्या डायव्हिंगच्या धंद्यात बरेच आहेत आणि पाण्यात त्यांच्या हालचाली बघत राहाव्यात अशा असतात. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढणं, रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा बसवणं, नाक दाबून कान मोकळे करणं हे सरावानं जमतं. पहिल्या प्रमाणपत्राला खोलीची मर्यादा १८ मीटर असते. खरी परीक्षा वर येण्याची. श्वास रोखायचा नाही, कारण १० मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. अनेक बुड्या झाल्या असतील तर शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही.

हे थांबणं कुठून आलं? दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि दाब झटकन उतरला की त्याचे बुडबुडे होतात. फ्रान्सच्या पॉल बेअर यांनी १८७८ सालीच हे दाखवलं होतं. दाबाच्या हवेत पुलांचे पाये खणणारे मजूर आणि पाणबुडे सांधेदुखीनं तळमळत, लुळे पडत, मरत. उपाय एकच दिसत होता : एकसारख्या संथ गतीनं दाब उतरवायचा. इंग्लंडमध्ये लिओनार्ड हिल या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांचे सहकारी त्यासाठी स्वतः दाबाच्या टाकीत गेले होते.

थोरल्या हाल्डेन यांना हे पटेना. सुमारे ४० फुटांवरून पाणबुडे थेट वर येतात आणि त्यांना काही होत नाही, मग शरीर दाब निम्मा झाला तरी सोसत असलं पाहिजे, असा त्यांचा तर्क. तेव्हा खोलातून आधी दाब निम्मा होईपर्यंत भरभर वर यावं आणि मग टप्प्याटप्प्यानं थांबत यावं. एकसारख्या गतीत सुरुवातीला वेळ वाया जातो आणि शेवटी, खऱ्या धोक्याच्या जागी, घाई होते. लंडनच्या लिस्टर संस्थेत लुडविग मॉन्ड यांनी दिलेली मोठी पोलादी टाकी होती. तिच्यात हाल्डेन आणि त्यांचे सहकारी बॉयकॉट यांनी शेळ्या ठेवल्या. शेळीला सांधेदुखी झाली की ती पुढचा पाय उचलून धरते. यंत्राविना वाचता येणारी ती खूण होती. सारख्याच वेळात दोन्ही पद्धतींनी दाब उतरवून पाहिला, तेव्हा एकसारख्या गतीच्या शेळ्यांना त्रास जास्त झाला. कित्येक शेळ्या पांगळ्या झाल्या, काही मेल्या.

मग माणसांची पाळी. ऑगस्ट १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ‘स्पँकर’ या नौकेवरून लेफ्टनंट गाय डॅमंट आणि गनर कॅटो २१० फुटांपर्यंत उतरले आणि टप्प्यांनी थांबत सुखरूप वर आले. त्याच मुक्कामात तेरा वर्षांच्या धाकट्या हाल्डेननंही बुडी मारली. पोशाख मापाचा नव्हता आणि आत पाणी शिरत गेलं. १९०८ साली बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि नौदलाला तक्ते मिळाले.

या तिघांत माझा जीव जडला तो डॅमंटवर. १९१७ साली आयर्लंडच्या उत्तरेला ‘लॉरेंटिक’ हे जहाज सुरुंगांनी बुडालं. त्यावर सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. डॅमंटच्या तुकडीनं १९२४ पर्यंत २५ सोडून बाकी सगळ्या वर काढल्या. थंड पाणी, वादळं, चेपत जाणारे जहाजाचे पत्रे आणि हजारो बुड्या, तरी एकाही पाणबुड्याचा जीव गेला नाही. तक्ता खरा की खोटा, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. आज डायव्हरच्या मनगटावरचा संगणकही बहुधा झ्युरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी सुधारलेलं हाल्डेनचंच गणित करतो. कुस्टो आणि गान्यां यांनी १९४३ साली पाण्यात मोकळं फिरायचं यंत्र दिलं, त्यांचं नाव जगाला पाठ आहे. जिवंत परत आणणारं गणित समुद्रात खरं करून दाखवणारा डॅमंट मात्र विस्मरणात गेला, हा अन्याय आहे.

वर येताना लागणारी सावकाशी प्रवाळालाही वाढताना लागते. पोराइट्स जातीचं गोलसर प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन उचलली गेली आणि तिथली प्रवाळं उघडी पडून मेली. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला, प्रवाळांच्या पेशींतलं शैवाल निघून गेलं आणि ती पांढरी पडली. जे तगलं त्यावर नवशिक्याचा एक फिन आपटला तर दशकाची वाढ मोडते. म्हणून श्वासाच्या चढउतारावर पाण्यात तरंगत राहायला शिकणं हा माझ्या मते अभ्यासक्रमाचा गाभा आहे. तो न जमलेल्या माणसाला रीफवर नेऊच नये.

आपल्याकडे तारकर्लीपासून अंदमानपर्यंत डायव्हिंगची हौस वाढते आहे, याचा आनंदच आहे. पण घाईच्या सहलीत समुद्र बसवू नका. सर्दी झाली असेल तर ती लपवू नका. प्रवाळाला हात लावू नका आणि फोटोसाठी त्यावर उभे राहा असं कुणी सांगितलं तर स्पष्ट नकार द्या. विमानाच्या आदल्या दिवशी बुडी ठेवू नका. तो दिवस किनाऱ्यावर काढा.