म्हाताऱ्या कारवानीची भाकरी, वजन आणि दाढ

लेखमाला : पाळीव प्राण्यांचे उतारवय – लेखांक ६

देगलूर, मुखेड, उदगीर आणि चाकूर या पट्ट्यात शेताच्या राखणीसाठी, आणि पूर्वी सशामागे सोडण्यासाठी, जे लांब तोंडाचे, खोल छातीचे व आत ओढलेल्या पोटाचे कुत्रे पाळले जात आले, त्याला कारवानी म्हणतात; कानांवर व शेपटीवर रेशमी केसांचे झुपके असलेल्या त्याच्याच भाऊबंदांना पश्मी हे नाव आहे. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते, तर कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या याच कुळातील कुत्र्यांना मुधोळ हाउंड म्हटले जाते आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यावर तिकीटही काढले. नजरेने सावज टिपून वेगाने गाठणाऱ्या या कुळात निरोगी जनावराच्याही मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतात. उतारवयातील आहाराचा प्रश्न इथेच अवघड होतो, कारण ज्या कुत्र्याचे सडपातळ असणे हेच त्याचे आरोग्य, त्याचे झिजणे घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

पंचवीस किलोच्या आसपास वजन असणारे कुत्रे साधारणपणे आठव्या-नवव्या वर्षी उतारवयात शिरते. या वयात चरबी कमी न होताही स्नायू आटू लागतात आणि ही झीज आधी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मांड्यांवर, खांद्याच्या फऱ्यावर आणि डोळ्यांमागच्या कानशिलांवर दिसते. म्हणून बरगड्या मोजत बसण्यापेक्षा कण्यावरून तळहात फिरवावा : निरोगी कारवानीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंना मांसाची भरीव पट्टी हाताला लागते, आणि झिजलेल्या कुत्र्याच्या पाठीवर मणके एकेक करून बोटाला टोचतात. याला वजनाच्या नोंदीची जोड हवी. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे. उचलणे जमत नसेल, तर मोंढ्यात धान्याची पोती तोलण्याचा सपाट काटा त्याहून सोयीचा, कारण त्यावर पोते अंथरले की पाय न घसरता कुत्रे स्वतःच उभे राहते. महिन्यातून एकदा, सकाळी, खाण्याआधी वजन करून तो आकडा दिनदर्शिकेवर लिहिला, तर तीन महिन्यांत दोन किलो गेल्याचे कागदच सांगतो. पंचवीस किलोच्या कुत्र्यात दोन किलो म्हणजे आठ टक्के. अशी घट केवळ ‘वय झाले’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामागे मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, जंत, गाठ किंवा या भागात सर्रास आढळणारा गोचिडांमधून पसरणारा ताप असू शकतो.

आता ताटाकडे. मराठवाड्यातल्या कुत्र्याचे पिढीजात अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी आणि दूध किंवा ताक, आणि ते अन्न अगदीच चुकीचे नाही. कुत्र्याच्या लाळेत पिष्ट पदार्थ, म्हणजे धान्यातला स्टार्च, पचवणारे विकर नसते, पण त्याच्या स्वादुपिंडातून ते भरपूर पाझरते. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात या विकराच्या जनुकाच्या प्रती पुष्कळ जास्त असतात, हे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. उणीव आहे ती प्रथिनांची, आणि ती साध्या हिशेबाने दिसते. फारसे न धावणाऱ्या पंचवीस किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला अदमासे १००० ते ११०० कॅलरी पुरतात. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे २०० कॅलरी धरल्या, तर पाच भाकरींत पोट भरते, पण त्यांतून मिळणारी प्रथिने जेमतेम ३० ग्रॅम असतात, आणि त्यांतही लायसिन हे स्नायूंना आवश्यक असणारे अमिनो आम्ल ज्वारीत फार थोडे असते. अमेरिकेत प्रौढ कुत्र्यांच्या तयार खाद्यासाठी दर हजार कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरलेले आहे. पाचातली एक भाकरी कमी करून तिच्या जागी दोन उकडलेली अंडी आणि पन्नास ग्रॅम बिनहाडाचे शिजवलेले कोंबडीचे मांस दिले, तर कॅलरी जवळपास तेवढ्याच राहून प्रथिने पन्नास ग्रॅमवर जातात. ज्या घरात अंडे-मांस शिजत नाही, तिथे दही, पनीर आणि घट्ट वरण यांवर भर द्यावा लागतो. मात्र वरण फोडणीआधीच बाजूला काढावे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. दुधाने जुलाब होत असतील, तर दूध थांबवावे. मोठ्या कुत्र्यात दुधातली साखर पचवण्याची शक्ती उणावलेली असते. हाडे घट्ट राहण्यासाठी लागणारे कॅल्शियम मात्र भाकरी आणि मांस या दोहोंतूनही पुरेसे मिळत नाही, म्हणून त्याची मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवावी.

म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी द्यावीत हा समज जुना आहे आणि निरोगी कुत्र्याच्या बाबतीत तो घातक आहे. मूत्रपिंड दुखावल्याचे रक्ततपासणीत दिसले, तरच पशुवैद्यक आहारातील प्रथिने व फॉस्फरस यांचे प्रमाण बदलतो. तसेच, ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवरील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षे जास्त जगली, हे खरे असले, तरी तो धडा शहरात बांधून ठेवलेल्या, गोलमटोल झालेल्या कुत्र्यांसाठी आहे. झिजत चाललेल्या कारवानीचे ताट त्या आधारावर कमी करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

ताटात योग्य अन्न पडले, तरी ते पोटात जाणे तोंडावर अवलंबून असते. कुत्र्याला ४२ दात असतात आणि त्याचा जबडा गाईसारखा आडवा फिरत नाही, कात्रीसारखा वर-खाली चालतो. त्याच्या दाताला कीड क्वचित लागते. दुखणे होते ते हिरड्यांचे. दातांवर साचलेला चिकट थर दोन-तीन दिवसांत टणक होऊ लागतो, त्यालाच कीटण म्हणतात, आणि त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरून दाताला धरून ठेवणारे हाड पोखरतात. अशा वेळी कुत्रे ओरडत नाही. ते मान एका बाजूला कलती करून खाते, तोंडातला तुकडा खाली पाडते, भाकरीचा मऊ गाभा खाऊन कडक कडा तशीच ठेवते किंवा न चावता गिळून नंतर ओकते. ताटलीत उरलेल्या कडा पाहून घरात ‘याची भूक मेली’ असे म्हटले जाते, आणि भूक शाबूत असलेले जनावर दुखण्यामुळे उपाशी राहते. भाकरी कोमट पाण्यात किंवा मिठाविना केलेल्या मांसाच्या पातळ रश्शात कुस्करून दोन-तीन वेळांत विभागून दिली, तर तात्पुरता उतार पडतो; उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे गेल्यावर हे पातळ अन्न पाण्याचीही भर घालते. पण दुखरी दाढ त्याने बरी होत नाही.

हाड चघळायला देण्याची रीत इथे विशेष नडते. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या कुसळासारख्या कपच्या आतड्यात रुततात, आणि कच्चे जाड हाड वरची चौथी उपदाढ, म्हणजे मांस कातरणारी मोठी दाढ, उभी चिरते. या दाढेची मुळे डोळ्याखाली पोचलेली असल्यामुळे तिथे पू झाला की गालाऐवजी डोळ्याखाली सूज येते आणि ती गांधीलमाशीचा डंख किंवा डोळ्याचा आजार समजून डोळ्यातच औषध घातले जाते. चघळायला द्यायची वस्तू नखाने दाबल्यावर खूण उमटेल इतकी मऊ असावी. म्हातारपणी कुत्रे अचानक माती, दगड किंवा गोणपाट चावू लागले, तर ती नवी खोड समजून मारू नये. रक्तक्षय, पोटाचे विकार किंवा मेंदूची झीज यांचे ते लक्षण असू शकते.

कीटण काढण्यासाठी भूल द्यावी लागते. ग्रेहाउंडसारख्या चरबी कमी असलेल्या जातींना थायोपेंटोनसारख्या भुलीतून शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. कारवानीची घडण तशीच असल्याने ही गोष्ट, आणि कुत्र्याचे त्या दिवशीचे नेमके वजन, आधीच डॉक्टरांना सांगणे मालकाचे काम आहे. देगलूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. घरी रोज बोटाला ओले सुती फडके गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजू पुसल्या, तर ताजा थर टणक होण्याआधीच निघतो. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नये, कारण कुत्रे ती गिळते.

वरचा ओठ बाजूने उचलून दाढेपर्यंत पाहायला अर्धे मिनिट लागते. ज्या घरी आठ वर्षांपुढचे कुत्रे आहे, तिथे ते आज संध्याकाळी भाकरी घालण्याआधी पाहावे, आणि हिरडी लाल किंवा दाढ तपकिरी दिसली, तर या आठवड्यातच कुत्र्याला दवाखान्यात न्यावे.