बर्फावरील मासेमारी आणि गळाची काठी

गळ टाकून मासे धरणें ही गोष्ट आपल्या वाचकांस नवीन नाहीं. नदीच्या डोहाशीं किंवा खाडीच्या धक्क्यावर वेळूची काठी घेऊन तासन्‌तास बसलेला मनुष्य बहुतेकांनीं पाहिला असेल. परंतु ज्या प्रदेशांत हिंवाळ्यांत सरोवरांचें पाणीच गोठून जातें, तेथील लोक गळ कोठें टाकतात, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्या लोकांची रीत, आणि तिच्यासाठीं स्वस्त पण टिकाऊ काठी निवडण्यांतील विचार, या लेखांत थोडक्यांत सांगावयाचा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तरेस मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन हीं राज्यें आहेत. एकट्या मिनेसोटांत १० एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ सरोवरें आहेत. कांहीं मराठी कुटुंबेंही आतां त्या राज्यांत स्थायिक झालीं आहेत. हिंवाळ्याचे कित्येक आठवडे हीं सरोवरें बर्फानें झांकलेलीं असतात. जानेवारींतील रात्रीं उष्णमान शून्याखालीं २० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलें, तरी तेथें कोणास नवल वाटत नाहीं. असें असूनही बर्फाखालीं मासे जिवंत राहतात. याचें कारण असें कीं, पाणी सुमारें ४ अंशांवर सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें व तेंच प्रथम गोठतें. वर बर्फाचें झांकण आणि तळाशीं न गोठलेलें पाणी, अशी निसर्गाचीच व्यवस्था आहे. त्या पाण्यांत वॉलआय, पर्च, नॉर्दर्न पाइक वगैरे मासे हिंवाळाभर फिरत असतात.

मासेमार मोठ्या गिरमिटानें बर्फाला सुमारें ८ इंच रुंदीचें भोंक पाडतो व त्यांतून गळ खालीं सोडतो. कडाक्याच्या थंडींत काठी हातांत धरून तासन्‌तास बसणें कठीण. म्हणून ‘टिप-अप’ नांवाची एक साधी युक्ति निघाली. भोंकावर आडव्या ठेवलेल्या लांकडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीखालीं दोऱ्याचें रीळ पाण्यांत बुडालेलें असतें. वर पोलादी पट्टीला बांधलेलें नारिंगी निशाण वांकवून खिटींत अडकविलेलें असतें. माशानें आमिष ओढलें म्हणजे रीळ फिरतें, खिटी सुटते आणि निशाण ताडकन्‌ उभें राहतें. दूर बसलेला मासेमार तें पाहून धांवत येतो व हातांनीं दोरा ओढून मासा वर काढतो.

याच युक्तीचा दुसरा प्रकार असा कीं, पाण्यांतील रिळाऐवजीं भोंकाजवळ एका आधारावर गळाची आंखूड काठी ठेवावयाची आणि तिचा दोरा निशाणाच्या खिटीला हलकेच अडकवावयाचा. निशाण उठलें कीं काठी उचलावी व रीळ गुंडाळीत मासा खेळवीत वर आणावा. मोठा पाइक जोरानें पळूं लागला, तर नुसत्या दोऱ्यानें बोटें कापण्याची भीति असते; काठी मात्र वांकून तो धक्का सोसते.

आतां काठी कोणती घ्यावी? दुकानांत पाहावें तों २० डॉलरांपासून १०० डॉलरांच्याही वर किंमतीच्या काठ्या मांडलेल्या असतात. महाग काठ्या बहुधा ग्रॅफाइटच्या असतात. ग्रॅफाइट हलकें व कठीण असल्यामुळें माशानें आमिषाला नुसतें तोंड लावलें, तरी तो बारीक कंप हातास कळतो. जास्त पैसे पडतात ते मुख्यतः या गुणासाठीं. परंतु टिप-अपवर काठी हातांत नसतेच! मासा लागल्याची वर्दी देण्याचें काम निशाण करतें. काठीचें काम त्यानंतर सुरू होतें, आणि तें बळाचें काम आहे. ज्या गुणाचा उपयोग होणार नाहीं, त्याचें मोल कां द्यावें?

म्हणून या कामास भरीव फायबरग्लासची, म्हणजे कांचेच्या बारीक तंतूंना राळेनें एकजीव करून बनविलेली काठी उत्तम. ती जराशी जड असते, पण पुष्कळ वांकली तरी सहसा मोडत नाहीं. ग्रॅफाइटला बर्फाच्या कडेचा किंवा गिरमिटाचा एक घाव बसला, तर तेथेंच पुढें ताण पडतांच तुकडा पडण्याचा संभव असतो. कांहीं टिप-अपमध्यें तर काठी तासन्‌तास वांकवून खिटींत धरून ठेवावी लागते; तेथें फायबरग्लासची लवचिकता विशेष उपयोगी पडते. पर्चसारख्या लहान माशांना बारीक काठी चालते. वॉलआयसाठीं मध्यम बळाची आणि पाइकसाठीं त्याहून दणकट, सुमारें ३० ते ३६ इंचांची काठी पुरे होते.

काठी विकत घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. पहिली, ती शक्यतों एकसंध असावी, सांध्याची नसावी. दुसरी, दोरा ज्यांतून जातो त्या कड्या मोठ्या असाव्या, कारण ओला दोरा वर येतांच लहान कड्या बर्फानें बुजून जातात. कापसाचा बोळा प्रत्येक कडींतून फिरवावा. कापूस अडकला तर आंत खरबड आहे व ती दोरा कापील असें समजावें. तिसरी, मूठ बुचाची किंवा पाणी न शोषणाऱ्या फोमची असावी. उघडी धातु थंडींत हाताला झोंबते. चौथी, रीळ साधें पण न अडखळतां फिरणारें असावें. दाट वंगण थंडींत घट्ट होऊन रीळ जड करतें. पांचवी, दोरा नायलॉनचा एकतंतू घ्यावा. विणलेला दोरा पाणी धरतो. बुडालेल्या रिळावर त्यानें बिघडत नाहीं, पण काठीवर तो उघड्या हवेंत गोठून ताठ होतो. रंग, चकाकी व सोनेरी अक्षरें यांस मात्र भुलूं नये. ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथिलाचा वाळा’ हा प्रकार दुकानांतून फार आढळतो.

चांगली काठी बहुधा माशामुळें मोडत नाहीं; पायाखालीं किंवा मोटारीच्या दारांत सांपडून मोडते. तिला कापडी पिशवींत किंवा नळींत ठेवावें. कडींतील बर्फ आपटून पाडूं नये. बोटांच्या उबेनें विरघळूं द्यावा. घरीं आल्यावर काठी पुसून वाळवावी. एवढी निगा राखली, तर साधी काठीही अनेक हिंवाळे टिकते.

या काटकसरीनें वांचलेल्या पैशांचा फार चांगला विनियोग करतां येतो. बर्फावर एकट्या माणसानें चालण्यास निदान ४ इंच जाडीचा नवा, पारदर्शक व घट्ट बर्फ हवा, असें मिनेसोटाचें सरकार सांगतें. पांढरा बर्फ निम्म्यानेंच बळकट, म्हणून तो दुप्पट जाड हवा. वाहत्या पाण्यावरील बर्फाचा भरंवसा त्याहूनही कमी. म्हणून जाणते लोक पुढें पहार मारून बर्फ तपासीत चालतात आणि दोन अणकुचीदार खुंट्या दोरीनें गळ्यांत बांधतात. पाण्यांत पडल्यास त्या बर्फांत रोवून वर येतां येतें. वांचलेल्या डॉलरांतून पहार व खुंट्या दोन्ही सहज मिळतात. तेथील कायदाही ध्यानांत ठेवावा लागतो: मिनेसोटांत बर्फावर एका माणसास दोनच दोरे टाकतां येतात, व टिप-अपपासून २०० फुटांहून दूर जातां येत नाहीं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण म्हणतों. पण काटकसर म्हणजे सर्वांत स्वस्त तें घेणें नव्हे. काम कोणतें, तें नीट ओळखावें. त्या कामास लागणाऱ्या गुणांचेंच मोल द्यावें. आणि उरलेला पैसा जेथें जीव राखला जातो तेथें खर्च करावा. मासा मिळो न मिळो, संध्याकाळीं मंडळी सुखरूप घरीं परतलीं, म्हणजे खरेदी शहाणपणाची झाली असें समजावें.