नाथसागरात बदाम किती?

पैठणच्या धरणाचा नाथसागर जलाशय भरला की इकडच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर दरवाज्यांचा फोटो येतो आणि खाली आकडा: जिवंत साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). संभाजीनगरकरांना हा आकडा तोंडपाठ. पण तोच लिटरमध्ये मांडला तर बोबडी वळते: २ लाख १७ हजार कोटी लिटर.

आता शहागंजातल्या सुकामेव्याच्या ढिगातून एक कॅलिफोर्निया बदाम उचला. वजन सव्वा ग्रॅमच्या आत. तिकडे हा एक दाणा पिकवायला साधारण १२ लिटर पाणी लागतं. पावसाचं, कालव्या-विहिरींचं आणि खतांनी नासलेलं पाणी पुन्हा वापरण्याजोगं करायला लागणारं, सगळं धरून. किलोला १० हजार लिटर. आपल्या भाषेत, किलोमागे एक मोठा टँकर.

या हिशेबाने अख्खा नाथसागर बदामांना पाजला तर १८ हजार कोटी दाणे, म्हणजे २ लाख १७ हजार टन माल निघेल. भरपूर वाटतो? एकट्या कॅलिफोर्नियाने २०२० साली १४ लाख टन बदाम काढले. साडेसहा नाथसागर! जगातल्या दर पाच बदामांपैकी चार तिथलेच. फेब्रुवारीत बागा फुलल्या की परागीभवनासाठी एकरी दोन या मापाने मधमाश्यांच्या वीस लाखांवर पेट्या ट्रकांतून तिथे येतात.

आपण भारतीय वर्षाला दीड लाख टनांच्या आसपास बदाम मागवतो, मुख्यतः तिथूनच. त्यामागे नाथसागराच्या सत्तर टक्के साठ्याएवढं परदेशी पाणी. १४० कोटींत वाटले तर माणशी नव्वदेक दाणे, म्हणजे दर चार दिवसांनी एक बदाम. नळापेक्षा बरंच की! २०२२ च्या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या अनेक भागांत पाणी आठवड्यातून एकदाच येत होतं.

मग घरोघरचे ते चार बदाम. रात्री वाटीत भिजत घालायचे, सकाळी चिमटीत दाबून सालीतून पांढरा दाणा सटकन बाहेर काढायचा आणि परीक्षेच्या दिवसांत पोराच्या हातावर ठेवायचा. त्या चारांत प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. बाजरीच्या एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम असतात, पण भाकरीने डोकं चालतं असं कुठली आई म्हणते? चारांमागे ४८ लिटर पाणी गेलेलं, वाटीतलं वेगळं. भिजवल्याने दाणा चावायला सोपा होतो, पोषण काही वाढत नाही. उलट तंतू आणि पॉलिफेनॉल ज्या सालीत, तीच आपण बेसिनमध्ये टाकतो.

बदामाचा गुण बघायचा तर मूठ धरावी: २८ ग्रॅम, तेवीस दाणे. त्यात ६ ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅम तंतू, ७५ मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेपैकी जवळजवळ निम्मं ई जीवनसत्त्व. प्रथिनांत आपला शेंगदाणा त्याला मागे टाकतो, शंभर ग्रॅमला २५ विरुद्ध २१. ई जीवनसत्त्वात मात्र बदाम तिप्पट. फरसाणाऐवजी रोज अशी मूठ खाल्ली तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. थोडंच, पण उतरतं. मुठीचं पाणी २७६ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण, त्याच्या दुप्पट.

सगळ्यात चक्रावणारा आकडा २०१२ चा. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी लोकांना बदाम खाऊ घालून, बाहेर काय पडतं तेही तपासलं. पुस्तकी हिशेबाने मुठीत १७० उष्मांक. शरीराला मिळाले १२९. दातांनी बदामाच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत आणि न फुटलेल्या पेशीतलं तेल न पचताच निघून जातं. तेवीसपैकी पाच दाणे जणू खाल्लेच नाहीत! बदाम वाटून केलेल्या हलव्याला मात्र ही सूट नाही, आणि त्यातलं तूप-साखर तर वेगळंच मोजावं लागेल.