दौऱ्याच्या तोंडावर ढोलकी फाटली
एप्रिल लागला की पालघर, बोईसर-तारापूरकडच्या गायन पार्ट्यांत १४ एप्रिलच्या दौऱ्याची बांधाबांध सुरू होते. घाईत पेटीचा कोपरा आदळतो आणि वर्षानुवर्षे हाताला बसलेली ढोलकी फाटते. कधी खाऱ्या, दमट हवेने सैल पडलेली शाईची पुडी कोणी चुलीपाशी शेकतो, वर दोरीही करकचून ओढतो. कातडेच ते, तडकणारच! वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गात फिरले; त्या वाटेने जाणाऱ्यांना ढोलकी म्हणजे घरचे माणूस. त्या रात्री घास उतरत नाही. पण बंधूंनो, खोड शाबूत असेल तर पुडी बदलता येते. आवाज मात्र हळूहळूच जुळतो. तोवर शेजारच्या वस्तीतली ढोलकी मागून आणावी, कार्यक्रम मोडू नये. आणि ज्या पोराच्या हातून फाटली, त्यालाच कारागिराकडे सोबत न्यावे.