आपल्यातल्या कोणाचे नाव सुचवायचे?

मागच्या कोजागिरीला हॉलच्या स्वयंपाकघरात दूध आटवता आटवता एक वाद निघाला. दर नववर्षाला आणि पुन्हा जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने इथे ब्रिटनमध्ये सन्मानांची यादी जाहीर होते. त्यात नटनट्या, खेळाडू, बडे अधिकारी असतातच. पण शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईही असतात, वर्षानुवर्षे विनावेतन राबणारे आजोबाही असतात. मग आपल्या मंडळातले कोणी त्यात का नसते? कोणी म्हणाले, "वशिला लागत असेल." कोणी म्हणाले, "आपल्याला कोण विचारतो?" दूध करपायची वेळ आली तेव्हा वाद थांबला, आणि माहिती काढायचे काम नेहमीप्रमाणे कार्यकारिणीच्या गळ्यात पडले.

माहिती काढली. वशिल्याचे नंतर बघू. आधी अर्ज लागतो, आणि तो आपण आजवर एकदाही केलेला नाही!

सामान्य नागरिकाला नाव सुचवण्याचा रस्ता खुला झाला तो १९९३ साली, जॉन मेजर पंतप्रधान असताना. त्याच वेळी बंद केलेले ब्रिटिश एम्पायर मेडल, म्हणजे बी.ई.एम., २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. ते मुख्यतः आपापल्या गावात, वस्तीत हाताने केलेल्या कामासाठी असते आणि आपल्या काउंटीचे लॉर्ड लेफ्टनंट ते देतात. त्याच्या वरची पायरी एम.बी.ई.; तिथे राजवाड्याचे बोलावणे येते. नाव कोणीही सुचवू शकतो, स्वतःचे मात्र नाही. त्या व्यक्तीला जवळून ओळखणाऱ्या निदान दोघांची पत्रे जोडावी लागतात. निकालाला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. आणि नाव सुचवल्याचे त्या व्यक्तीला कळू द्यायचे नसते. आपल्या मंडळाला ही अट सर्वांत जड जाणार, हे सांगायला नको.

दुसरा सन्मान माणसाचा नसून संस्थेचा. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली त्या २००२ साली तो सुरू झाला. आता त्याला स्वयंसेवेसाठीचे किंग्ज अवॉर्ड म्हणतात. संस्थांसाठी हा एम.बी.ई.च्या तोडीचा मानतात. संस्थेत निदान तीन माणसे हवीत, काम निदान तीन वर्षे चाललेले हवे, आणि पगारी माणसांचा वरचष्मा नको. पगार हा शब्द आमच्या हिशेबाच्या वहीत आजवर आलेलाच नाही, तेव्हा आम्ही खूश झालो. पण पुढच्या ओळीला अडखळलो. संस्थेचे नाव संस्थेतल्या कोणी सुचवायचे नाही, बाहेरच्याने सुचवायचे.

बाहेरचा कोण? आमचा गणपती, आमची दिवाळी, आमचे नाटक. सगळ्याला प्रेक्षक आम्हीच, कार्यकर्तेही आम्हीच. आमचे काम पाहिलेला बाहेरचा माणूस म्हणून पहिल्यांदा आठवला तो हॉलचा रखवालदार, आणि त्याने पाहिले ते मुख्यतः रांगोळीचे डाग. ही गोष्ट आम्हाला लागली, हे कबूल करतो.

तरीही एक नाव सर्वांच्या तोंडी होते. आपले काका. नाव लिहीत नाही, त्यांना आवडले नसते. नव्याने आलेल्या मुलांना पहाटे विमानतळावरून आणणे, त्यांना पहिला कोट घेऊन देणे, इंग्रजी न येणाऱ्या आजीबरोबर इस्पितळात दुभाष्या म्हणून बसणे, कोणी गेले तर स्मशानातली वेळ ठरवण्यापासून भारतात फोन करण्यापर्यंत सगळे काका करत. आम्ही उत्साहाने अर्ज भरायला बसलो. काय केले, केव्हापासून, किती जणांसाठी, त्याने कोणाचे काय बदलले, हे सगळे नेमके लिहायचे होते. "फार प्रेमळ, सदैव मदतीस तत्पर" अशा वाक्यांना तिथे किंमत नाही.

मंडळाची जुनी इतिवृत्ते काढली. साल बदलते, अध्यक्ष बदलतात, शेवटचे वाक्य तेच: "सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे आभार मानून सभा संपली." काकांचे नाव एकदाच सापडले, तेही खुर्च्या परत केल्या नाहीत म्हणून. आमचा पोटापाण्याचा व्यवसाय रसायनशास्त्राचा. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात बजावतात की वहीत तारखेसह लिहिले नाही, तर प्रयोग झालाच नाही असे समजा. दिवसभर हे कटाक्षाने पाळणारे आम्ही रविवारी मंडळात आलो की आभारावर भागवतो.

माहिती जमवण्यात हिवाळा गेला. फेब्रुवारीत काका गेले. हे सन्मान मरणोत्तर देत नाहीत. अर्धा अर्ज अजून चिटणीसांच्या फाइलमध्ये आहे.

अंत्यविधीला मागच्या रांगेत आम्हाला अनोळखी अशी पाच-सहा माणसे बसली होती. त्यांच्यात एक पोलिश आजीबाई होत्या. नवरा इस्पितळात होता तेव्हा काका दर मंगळवारी त्यांना गाडीतून नेत असत, असे त्यांनी सांगितले. आम्ही शोधत होतो तो बाहेरचा साक्षीदार इतकी वर्षे काकांच्याच रस्त्यावर राहत होता.

आता एक आक्षेप. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "साम्राज्य घालवायला आपली माणसे तुरुंगात गेली, आणि आता त्याच्याच नावाचे पदक छातीवर लावायचे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कवी बेंजामिन झेफनाया यांनी २००३ साली याच शब्दापायी ओ.बी.ई. नाकारले. आपल्याकडे गोखल्यांनी १९०४ मध्ये सी.आय.ई. घेतले, पण १९१४ मध्ये सर ही पदवी देऊ केली तेव्हा नको म्हटले. उलट जोतीराव फुल्यांचा शाळांच्या कामाबद्दल सरकारने १८५२ साली विश्रामबागवाड्यात सत्कार केला आणि त्यांनी तो स्वीकारला. महात्मा ही पदवी मात्र १८८८ मध्ये मुंबईच्या लोकांनी दिली. आमचे मत असे, की घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. यादी जाहीर होण्याआधी त्या व्यक्तीला खासगी पत्राने विचारतात, तेव्हा नाही म्हणायची सोय आहे. ती नाही म्हणेल म्हणून आपणच आधी गप्प बसणे बरोबर नाही. संस्थेच्या सन्मानात तर साम्राज्य हा शब्दच नाही.

पुढचे नाव ठरले आहे. ते अर्थातच इथे छापणार नाही, आणि ज्यांना अंदाज आला असेल त्यांनी कृपा करून फोनवर चर्चा करू नये. ती व्यक्ती अजून काम करते आहे आणि वय ७८ आहे, एवढेच सांगतो. काम चालू असतानाच नाव जावे, अशी अपेक्षा असते.

सभासदांना विनंती: कोणी तुमच्यासाठी काय केले, ते महिना आणि साल घालून चिटणीसांकडे बंद पाकिटात द्यावे. चार ओळी पुरेत. शेजारी, मुलांच्या शिक्षिका, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाई, यांच्यापैकी कोणी आपल्या माणसांचे काम पाहिले असेल तर तेही कळवावे. शिवाय यापुढे दर कार्यक्रमाला एक वही ठेवत आहोत. कोणी किती तास दिले, कोणाला कुठे नेले-आणले, ते त्याच दिवशी लिहावे. वही स्वयंपाकघराच्या खिडकीत, चहाच्या भांड्याशेजारी दोरीने बांधली आहे. पेन मात्र आपापले आणावे; ठेवलेली दोन्ही पहिल्याच दिवशी गेली.